पेशींनाही वय असतं

म्युनिकहून श्टार्नबेर्गकडे जाणारी एस-६ लोकल पकडली, की वाटेत गाउटिंग हे छोटं स्टेशन लागतं. 'अक्त्सिओन क्नोखेनमार्कश्पेंडं बायर्न' या संस्थेचं कार्यालय याच गावात आहे. नाव उच्चारताना जीभ वळत नाही, पण अर्थ सोपा आहे : बव्हेरियाची अस्थिमज्जादान मोहीम. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना मूळ पेशी म्हणजे स्टेम सेल देऊ शकतील असे दाते शोधायचे, त्यांची नोंद ठेवायची, हे तिचं काम. नोंदणीसाठी वय १७ ते ४५ हवं. जर्मनीतल्याच डीकेएमएस या मोठ्या संस्थेत हीच मर्यादा १७ ते ५५ आहे. ब्रिटनच्या अँथनी नोलन संस्थेत तर १६ ते ३०. म्हणजे तिशी उलटली की तिथे नवी नोंदणी बंद.

हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं. भारतात रक्तदान पासष्टीपर्यंत करता येतं. मग मूळ पेशींच्या बाबतीत ही घाई कशाला? माणूस धडधाकट असला की पुरे नाही का?

त्याच सुमारास मावसबहिणीचा फोन आला. मावशी ७१ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेले. जवळच्या शहरातल्या एका केंद्राने सांगितलं होतं, की तुमच्याच कमरेच्या हाडातली मज्जा काढू, तिच्यातल्या स्टेम सेल वाढवू आणि गुडघ्यात सोडू. तुमच्याच पेशी, त्यामुळे धोका काहीच नाही. मुदतठेव मोडायची तयारी झाली होती. "दादा, तू जर्मनीत आहेस, तिकडे हे सगळं पुढारलेलं असेल ना? जरा बघून सांग," असं तिचं म्हणणं.

मी संगणक अभियंता, डॉक्टर नव्हे. पण या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, हे वाचता वाचता लक्षात आलं. पेशी कुणाच्या, एवढंच विचारून भागत नाही. त्या किती वर्षांच्या माणसाच्या, हेही विचारावं लागतं.

मज्जेतल्या दोन प्रकारच्या पेशी

आधी एक गोंधळ दूर करू. 'अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल' म्हटलं की आपण सगळ्या एकाच पोत्यात भरतो. प्रत्यक्षात मज्जेत दोन वेगळ्या जातीच्या मूळ पेशी असतात.

पहिल्या रक्त तयार करणाऱ्या. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट हे सगळं यांच्यापासून होतं. ल्युकेमियाच्या रुग्णाला 'बोन मॅरो ट्रान्सप्लांट' करतात ते याच पेशींचं. त्या सहसा बाहेर वाढवल्या जात नाहीत. दात्याकडून घेऊन रुग्णाच्या शिरेतून सोडल्या, की त्या आपणच मज्जेत जाऊन बसतात आणि वाढू लागतात.

दुसऱ्या मेसेन्कायमल पेशी. हाड, कूर्चा, चरबी या ऊतींशी यांचं नातं. १९६० आणि ७०च्या दशकांत सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडनश्टाइन यांनी दाखवून दिलं, की मज्जेतल्या काही मोजक्या पेशी काचेला किंवा प्लॅस्टिकला चिकटतात आणि त्यांच्या वसाहती तयार होतात. अमेरिकेच्या आर्नल्ड कॅपलान यांनी १९९१ मध्ये त्यांना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव दिलं. पुढे २०१७ मध्ये कॅपलान यांनीच हे नाव बदला असा आग्रह धरला. कारण शरीरात सोडल्यावर या पेशी नवा अवयव घडवण्यापेक्षा आजूबाजूच्या पेशींना रासायनिक निरोप देण्याचंच काम जास्त करतात, असं त्यांचं मत झालं होतं.

मावशीला सांगितलं गेलं ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल. 'वाढवणे' म्हणजे कल्चर करणे हेही प्रामुख्याने यांचंच.

विरजण आणि दुपटीचा हिशेब

कल्चर म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायला नको. आपल्या घरात रोज रात्री विरजण लागतं. चमचाभर दही, कोमट दूध, योग्य ऊब, आणि सकाळी पातेलं भरून दही. प्रयोगशाळेतही पद्धत साधारण हीच. कमरेच्या हाडातून सुईने थोडी मज्जा काढायची, प्लॅस्टिकच्या सपाट बाटलीत पोषक द्रवात ठेवायची, ३७ अंशांची ऊब आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड द्यायचा. काही दिवसांनी द्रव बदलला की न चिकटलेल्या पेशी वाहून जातात, चिकटलेल्या उरतात. त्यांनी बाटलीचा तळ भरत आणला, की एका विकराने त्यांना सोडवायचं आणि जास्त बाटल्यांत वाटून टाकायचं. या प्रत्येक वाटणीला 'पॅसेज' म्हणतात.

पण दह्यात आणि यात एक मोठा फरक आहे. दह्याचे जिवाणू पिढ्यानपिढ्या वाढत राहतात. माणसाच्या साध्या पेशी मात्र ठरावीक वेळाच दुभंगतात आणि थांबतात. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये फिलाडेल्फियात हे दाखवलं. गर्भाच्या ऊतीतून घेतलेल्या पेशी साधारण ५० वेळा दुप्पट झाल्या आणि मग थबकल्या.

तर मग वय वाढलेल्या माणसाच्या पेशी किती वेळा दुप्पट होतात? डेन्मार्कमध्ये स्टेंडरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला आणि उत्तर २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. एका बाजूला १८ ते २९ वयाचे दाते, दुसऱ्या बाजूला ६८ ते ८१ वयाचे. सगळ्यांच्या मज्जेतल्या मेसेन्कायमल पेशी थांबेपर्यंत वाढवत नेल्या. तरुणांच्या पेशी सरासरी ४१ वेळा दुप्पट झाल्या, वृद्धांच्या २४ वेळा.

४१ आणि २४, फरक फक्त १७ चा वाटतो. पण दुपटीचं गणित आम्हा संगणकवाल्यांना रोजचं. एक पेशी १० वेळा दुप्पट झाली की १,०२४ होतात. २४ वेळा झाली की सुमारे १ कोटी ६८ लाख. आणि ४१ वेळा झाली तर जवळपास २ लाख २० हजार कोटी. वरच्या १७ दुपटींनी मूळ आकड्याला १ लाख ३१ हजारांनी गुणलं.

आता हा आकडा गरजेशी ताडून पाहा. प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात, अशा आजारात मेसेन्कायमल पेशी दिल्या जातात तेव्हा मात्रा साधारणपणे दर किलो वजनामागे १० ते २० लाख पेशींची असते. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७ ते १४ कोटी. सुरुवात अर्थातच एकाच पेशीपासून होत नाही. पण शेवटच्या दुपटीपर्यंत कुणी थांबतही नाही, कारण थकलेल्या पेशी औषध म्हणून कुणालाच नको असतात. शिवाय सुरुवातीचं भांडवलही वयाबरोबर घटतं. कॅपलान यांनी मांडलेल्या ढोबळ हिशेबानुसार नवजात बाळाच्या मज्जेत दर १० हजार पेशींमागे अशी एक पेशी असते, तर ८० व्या वर्षी दर २० लाखांमागे एक. विरजणच कमी, आणि त्याचा जोरही कमी.

या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अर्धवट चित्र उभं राहील. दाते मोजकेच होते आणि एकाच गटातही बराच फरक होता. वृद्धांच्या २४ या सरासरीत साधारण ११ दुपटी मागे-पुढे होत्या, तरुणांच्या ४१ मध्ये १०. म्हणजे एखाद्या सत्तरीतल्या आजोबांच्या पेशी एखाद्या पंचविशीतल्या तरुणाच्या पेशींना मागे टाकू शकतात. आणि हाड तयार करण्याची क्षमता दोन्ही गटांत जवळपास सारखीच दिसली. म्हाताऱ्या माणसाच्या पेशी निकामी असतात, असा अर्थ नाही. त्या कमी वेळा वाढतात, एवढाच अर्थ.

थकवा येतो कुठून?

गोधडी घ्या. दर धुण्याला तिच्या काठाची शिवण थोडी उसवते. काठ शाबूत आहे तोवर आतलं कापड सुरक्षित. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना असाच काठ असतो, त्याला टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगली की तो थोडा आखूड होतो. फार आखूड झाला की पेशी पुढचं विभाजन थांबवते. त्याशिवाय वर्षानुवर्षं डीएनएवर बारीकसारीक इजा साठत जातात. मज्जेत चरबीचं प्रमाण वाढतं. थांबलेल्या पेशी मरतही नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोठ्या, पसरट दिसतात आणि आसपास दाह वाढवणारी द्रव्यं सोडत राहतात.

आखेन विद्यापीठाच्या रुग्णालयातले वोल्फगांग वाग्नर यांनी यात एक महत्त्वाची भर घातली. माणसाचं वय वाढताना आणि पेशी बाटलीत दीर्घकाळ वाढवताना होणारे बदल एकमेकांशी नातं सांगतात, हे त्यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं. मला हे फार बोलकं वाटतं. प्रत्येक पेशीला दोन वयं असतात : एक माणसाच्या अंगातलं, दुसरं बाटलीतलं. ७१ वर्षांच्या माणसाची पेशी बाटलीत ठेवली, की पहिल्या वयावर दुसरं चढत जातं.

या अडचणीवर आमच्या म्युनिकमध्येही काम झालं आहे. लुडविग-मॅक्सिमिलियन विद्यापीठातले वोल्फगांग ब्योकर, माथियास शीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एकाच मेसेन्कायमल पेशीपासून तयार केलेला वाण प्रसिद्ध केला. काठ पुन्हा शिवणाऱ्या टेलोमरेज या विकराचं जनुक त्यांनी त्या पेशीत घातलं, त्यामुळे ती थकण्याची नेहमीची मर्यादा ओलांडून वाढत राहते. संशोधनासाठी हे वरदान, कारण दर वेळी नवा दाता आणि त्याचं नवं वय हा गोंधळ टळतो. पण थांबणंच विसरलेली पेशी रुग्णाला टोचण्यात कर्करोगाचा धोका दिसतो, म्हणून असे वाण प्रयोगशाळेतच राहतात.

फ्रँकफर्टमध्ये वेगळी वाट काढली गेली. तिथे आठ निरोगी दात्यांची मज्जा एकत्र करून त्यातून मेसेन्कायमल पेशी वाढवतात, म्हणजे एखाद्या दात्याचा कमकुवतपणा सगळ्या औषधाला भोवत नाही. बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीचं 'स्टेम्प्युसेल'ही असंच अनेक निरोगी दात्यांच्या मज्जेपासून बनतं. गुडघ्याच्या झिजेसाठी त्याला भारतात २०२२ मध्ये परवानगी मिळाली. स्वतःच्याच पेशी वाढवून देण्याचं परवानाधारक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातही आहे. मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेसची प्रयोगशाळा लोणावळ्याला आहे. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो त्या आजारासाठी रुग्णाच्याच मज्जेतून हाड बनवणाऱ्या पेशी वाढवण्याच्या तिच्या उत्पादनाला २०१७ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली.

म्हणजे हे तंत्र थोतांड नाही. पण परवाना मिळतो तो ठरावीक उत्पादनाला आणि ठरावीक आजारासाठी. 'स्टेम सेल' या शब्दाला नव्हे.

केंद्राला काय विचारायचं?

परदेशात बसून आई-वडिलांच्या उपचारांचा निर्णय फोनवर घेणं किती अवघड असतं, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. पैसे पाठवणं सोपं. प्रश्न विचारणं अवघड. मी मावसबहिणीला चार प्रश्न लिहून दिले. ते इथेही देतो.

एक, पेशी खरोखर वाढवणार आहात की मज्जा यंत्रात फिरवून, दाट करून त्याच दिवशी टोचणार आहात? या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि बोलताना बेमालूम मिसळल्या जातात.

दोन, वाढवणार असाल तर कुठल्या प्रयोगशाळेत, कुठल्या परवान्यावर? किती दिवस, किती पॅसेज? टोचताना किती पेशी जिवंत असतील, जंतुसंसर्गाची तपासणी कोण करेल? रुग्णाच्या वयामुळे पेशी पुरेशा वाढल्या नाहीत तर पुढे काय, आणि पैशांचं काय?

तीन, हा मान्यताप्राप्त उपचार आहे की वैद्यकीय चाचणी? चाचणी असेल तर सरकारी नोंदणी क्रमांक कोणता? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर मूळ पेशींचा वापर चाचणीपुरताच करायचा असतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. त्यानंतर परवाना मिळालेलं उत्पादन असेल, तर त्याचं नाव आणि तो परवाना कोणत्या आजारासाठी आहे, हे लेखी मागा.

चार, सत्तरीच्या पुढच्या रुग्णांमध्ये काय निकाल आले? चाळिशीतल्या खेळाडूचा व्हिडिओ नको.

मावसबहीण प्रश्नांचा कागद घेऊन गेली. प्रयोगशाळेचं नाव मिळालं नाही. 'आमची पद्धत गोपनीय आहे' असं उत्तर मिळालं, आणि आजच पैसे भरले तर सवलतही. मुदतठेव मोडली नाही. मावशी आता अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाते, व्यायाम करते आणि गुडघा बदलायचा का, याचा विचार तिच्या गतीने करते आहे.

आणि आपल्या पेशी?

आता वयोमर्यादेच्या प्रश्नाकडे वळू. रक्त बनवणाऱ्या पेशी बाटलीत वाढवत नाहीत हे खरं, पण त्यांना रुग्णाच्या अंगात वाढावंच लागतं. रुग्णाचं शरीर हीच त्यांची बाटली. मग इथेही दात्याचं वय मोजलं जाणारच.

अमेरिकेत १९८७ ते १९९९ या काळात अनोळखी दात्यांकडून झालेल्या ६,९७८ प्रत्यारोपणांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. दात्याचं लिंग, रक्तगट, गर्भारपण, विषाणूंचा संसर्ग असं बरंच काही तपासलं गेलं. रुग्णाच्या जगण्याशी ठळक संबंध दिसला तो फक्त दात्याच्या वयाचा. दाता १८ ते ३० वर्षांचा असेल तर पाच वर्षांनी ३३ टक्के रुग्ण हयात होते, ३१ ते ४५ चा असेल तर २९ टक्के, आणि ४५ च्या पुढचा असेल तर २५ टक्के. तेव्हापासून उपचार पुष्कळ सुधारले आहेत, पण दाता निवडताना तरुणाला प्राधान्य देण्याची पद्धत कायम आहे. पेशींची जुळणी अर्थातच आधी पाहतात, वय त्यानंतर.

आपल्या लोकांचं खरं दुखणं या जुळणीत आहे. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. घरात जुळलं नाही, तर जुळणारा दाता आपल्याच वंशाच्या लोकांत सापडण्याची शक्यता जास्त. जर्मनीच्या उल्म शहरातल्या केंद्रीय नोंदवहीत सुमारे एक कोटी संभाव्य दाते आहेत. एवढ्या मोठ्या वहीत आपल्यासारखे थोडे. भारतात १४० कोटी लोक, पण नोंदणी झालेले दाते काही लाखांतच. नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या मुलीसाठी जुळणारा दाता म्युनिकमध्ये कोड लिहीत बसलेला असू शकतो, आणि त्याला त्याची कल्पनाही नसते. नोंदवह्या जगभर एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्यामुळे इथे केलेली नोंद तिकडेही उपयोगी पडते.

नोंदणीसाठी जर्मन पासपोर्ट लागत नाही, जर्मनीत वास्तव्य पुरतं. घरी पाकीट येतं, गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा आणि परत पाठवायचा. मी ते केलं, पाच मिनिटं लागली. पुढे कधी बोलावणं आलंच, तर दहापैकी साधारण नऊ वेळा हाड टोचावं लागत नाही. काही दिवस इंजेक्शनं घेऊन मूळ पेशी रक्तात आणतात आणि हातातून रक्त काढून यंत्राने त्या वेगळ्या करतात. उरलेल्या वेळी भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा घेतात. दात्याला खर्च काहीच नाही. एक मात्र नक्की करा : नाव दिलंत तर घरच्यांशी आधी बोला. जुळलेला दाता आयत्या वेळी मागे फिरला, तर तोवर रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी नष्ट केलेली असू शकते.

आपल्या मंडळांचे गणेशोत्सव युरोपातल्या अनेक मोठ्या शहरांत होतात. आरती, महाप्रसाद, मुलांचे कार्यक्रम यांच्या जोडीला एका कोपऱ्यात नोंदणीचं टेबल लावता येईल. संस्थेला आधी कळवलं तर साहित्य आणि माहिती मिळते. विशी-पंचविशीत शिकायला आलेली आपली मुलं तिथे हमखास असतात, आणि याच पेशींची सर्वात जास्त गरज आहे. ज्यांचं वय मर्यादेपुढे गेलं असेल त्यांनी टेबलामागे बसावं, फॉर्म भरायला मदत करावी. यंदाच्या तयारीच्या बैठकीत हा विषय कुणीतरी काढाच.